आईची चकली

नौपाड्यातल्या फरसाणाच्या दुकानात चकलीचा घाणा निघाला, की त्या खमंग वासाने मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आईचा हात इतका थरथरायचा, की कपभर चहा तोंडाशी येईपर्यंत अर्धा व्हायचा. डोक्याला बाहेरून सौम्य करंट देऊन हा कंप थांबतो का, याची नवी चाचणी ठाण्यात, त्या दुकानाजवळच्याच इस्पितळात चालू होती. "जमलं तर यंदा सोऱ्या मीच धरणार," आई रिक्षात म्हणाली. तपासणीआधी कंपाची गोळी दोन दिवस बंद ठेवा, असं इस्पितळातून बजावलेलं. पण चारचौघांत आई चहा सांडेल याची मला लाज वाटली आणि डोंबिवलीहून निघतानाच मी ती गोळी व्हिटॅमिनची म्हणून तिला दिलेली. "काकू, या कागदावर पेनाने चकली काढा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने सुबक वेटोळं काढलं. "अहो, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर! तुम्हाला चाचणीत नाही घेता येणार." आईने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोललो असतो तर निभावलं असतं, पण मी पंख्याकडे बघत बसलो. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. "त्या दिवशी कसं रे जमलं मला?" आई विचारते, आणि मी तिच्या कपात अर्धाच चहा ओततो.