मयताला येणारा उमेदवार

आमच्या दादाच्या चाळीत एखादा माणूस मोठ्या पदाला लायक आहे की नाही, हे मयतावरून ठरतं. शिकला किती, आजवर काय दिवे लावले, ही चौकशी नंतर. आधी प्रश्न एकच, मयताला येतो का? आणि येतो तर कुठपर्यंत येतो? गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरून हात जोडणारा फार तर नगरसेवक होतो. जिना चढून वर घरात येणारा आमदार होतो. खांदा देऊन भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत चालत जाणारा असेल, तर त्याला मंत्री करायला चाळ एका पायावर तयार असते.

मी लालबागच्या याच चाळीत वाढले आणि लग्न होऊन दादरला आले. नोकरी फोर्टातल्या एका कंपनीच्या भरती खात्यात केली. माणसं पारखायची हेच माझं काम. टायपिस्ट घ्यायचा असेल तर आम्ही त्याला मशीनसमोर बसवायचो. ड्रायव्हर घ्यायचा तर गाडी चालवायला लावायचो, तीही गर्दीतून. "आधीच्या साहेबांचे वडील गेले तेव्हा मी ढसाढसा रडलो हो," असं कुणी मुलाखतीत सांगितलं असतं, तर आम्ही त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. पण निवडणूक आली की सगळ्या मुंबईला काय होतं कोण जाणे. साधा कुकर घेताना शिट्टी वाजवून बघणारी माणसं राज्य कुणाच्या हातात द्यायचं हे मात्र त्याचा चेहरा बघून ठरवतात.

तर हा उमेदवार. नाव कशाला घेऊ, सगळे त्याला भाऊच म्हणतात. शेजारच्याच गल्लीतला. आधी मंडळाचा कार्यकर्ता, मग नगरसेवक, मग आमदार. यंदा पुन्हा उभा होता आणि या वेळी लाल दिवा नक्की असं चाळीत बोललं जात होतं. गाड्यांवरचे लाल दिवे जाऊन जमाना झाला, पण चाळीत मंत्रिपदाला अजून तेच म्हणतात. दिवाळीला भाऊचं उटणं घरोघर यायचं, पाकिटावर भाऊचा हसरा फोटो. कंदिलावरही भाऊ. कुणी वारलं की कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागायचा, त्यात गेलेला माणूस तिकिटाएवढा आणि भाऊ खिडकीएवढा. नवखा माणूस बघेल तर त्याला वाटावं, भाऊच गेला.

आता दादाचं सांगते. दादा माझा थोरला भाऊ, मिल बंद पडेपर्यंत तिथे साचे, म्हणजे माग चालवलेला माणूस. तिसऱ्या मजल्यावर तो आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नाही. त्याचं हृदय ठीक होतं, डोकं तर माझ्यापेक्षा ठीक होतं. बिघडला होता तो जिना. लाकडी जिना, मधल्या वळणावर टेकू लावलेला, कठडा निम्मा गेलेला. कठड्याच्या जागी मंडळाच्या मांडवातला उरलेला दोर बांधला होता, तो धरून लोक चढायचे उतरायचे. एकदा वळणावरची पायरी दादाच्या पायाखाली फिरली आणि तो पाच-सहा पायऱ्या घसरत गेला. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्याने खाली उतरणं सोडलं. "जिना झालो की उतरतंय," आमच्या मालवणीत म्हणायचा. वर्षं गेली. जिना काही झाला नाही.

त्याला फार लांब कुठे जायचं नव्हतं. चाळीच्या तोंडाशी भाऊने आमदार निधीतून ज्येष्ठ नागरिक कट्टा बांधला होता. टाइल्सचा, वर पत्रा, पाठीवर भाऊचं नाव लाल अक्षरांत. मिलमधले दादाच्या खात्यातले जे दोन-तीन जण उरले होते, ते संध्याकाळी तिथे येऊन बसायचे. दादा वरून गॅलरीतून त्यांच्याशी ओरडून गप्पा मारायचा, आणि खालून गाडी गेली की अर्धं बोलणं वाहून जायचं. त्याला त्या कट्ट्यावर जाऊन बसायचं होतं. बस्स, एवढंच. उद्घाटनाच्या दिवशी सत्कारमूर्तींत दादाचंही नाव होतं. माइकवरून पुकारलंसुद्धा. दादा गॅलरीतून हात हलवत राहिला. शेवटी त्याची शाल आणि नारळ वर पाठवून दिला.

मला हे सहन होईना. मी भाऊच्या कार्यालयात गेले. त्याने मला बघितल्याबरोबर वाकून नमस्कार केला.

"ताई, दादा म्हणजे मला वडिलांसारखे. बोला."

"वडिलांना खाली उतरता येत नाही," मी म्हटलं. "जिना कधी होणार?"

"ताई, फाइल वर गेलीय."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे... वरच. चहा घ्या ना."

मी जन्मभर मुलाखती घेतल्या. उमेदवाराला उत्तर येत नसलं की तो पाणी मागतो, हा चहा मागवत होता. दुरुस्तीचं काम कुठल्या खात्याचं, अर्ज कुणाकडे अडलाय, कुणाची सही राहिलीय, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. नगरसेवकी झाली, आमदारकी झाली, आणि या माणसाला एक लाकडी जिना कसा दुरुस्त करून घ्यायचा ते सांगता येईना. वर मलाच समजावलं, "ताई, आता पुनर्विकास होणार. टॉवर येणार. लिफ्ट येणार. आता जिन्यावर कशाला खर्च करायचा?" टॉवरचं चित्र त्याच्या मागच्या भिंतीवर लावलेलं होतं. चित्रात खाली कारंजं होतं आणि कारंज्याभोवती गोरी माणसं फिरत होती.

दादाला येऊन सांगितलं तर तो हसत सुटला. "लिफ्ट! म्हणजे मी थांबू तोपर्यंत?"

तुम्ही म्हणाल, चाळीतली माणसं भोळी, शिकलेल्यांचं तसं नसेल. मी रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारते. कट्ट्यावर आमचा ग्रुप बसतो, सगळे निवृत्त. कुणी बँकेतले, कुणी प्राध्यापक, एक तर सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनीही भाऊची पारख केली होती. एकजण म्हणाले, "मुलाखतीत बोलतो मात्र नेटका हं. इंग्लिशसुद्धा सुधारलंय." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "नमस्कार करताना मान खाली घालतो, संस्कार दिसतात." मी विचारलं, त्याने विधानसभेत कधी कुठला प्रश्न विचारला, कुणी ऐकलंय का? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कुणाच्या जेवणात खडा टाकला. मग विषय मधुमेहावर गेला. चाळीत निदान खांदा तरी बघतात. आमच्याकडे नुसती मान बघून काम भागतं.

प्रचार नुकता रंगायला लागला होता तेव्हा दादा गेला. सकाळी चहा पिऊन गॅलरीत बसला होता, तिथेच. वहिनीचा फोन आला आणि मी टॅक्सी करून पोचले, तर भाऊ माझ्याआधी हजर. प्रचारफेरी सोडून आला होता. अंगात पांढरा झब्बा, गळ्यातला पक्षाचा पट्टा काढून खिशात कोंबलेला, त्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. वहिनीच्या पायाशी बसून तो रडत होता. खोटं कशाला बोलू, खरंच रडत होता. तेवढं कसब त्याच्यात आहे.

आता प्रश्न होता दादाला खाली कसं न्यायचं. त्या जिन्यावरून तिरडी उतरत नाही, तिरडी खाली बांधतात. कुणी म्हणालं खुर्चीत बसवू, कुणी म्हणालं चादरीत घेऊ. भाऊ उठला आणि डोळे पुसून त्याने सूत्रं हातात घेतली.

"खुर्ची नको. वळणावर अडकते. मंडळातली फळी आणा, ती लांबडी. तीन ठिकाणी बांधा."

फळी आली. दादाला बांधलं. पुढचं टोक स्वतः भाऊने खांद्यावर घेतलं आणि उलट्या पावलांनी जिना उतरायला लागला. मी वर उभी राहून बघत होते. कॉलेजच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाने उत्तरं द्यावीत तसा तो बोलत होता.

"सावकाश. पुढची पायरी हलते, भिंतीकडून पाय टाका. हां. आता खालची मोडकी आहे, ती सोडा, एकदम पुढचीवर. दोरावर भार देऊ नका, तो सुटतो. आता वळण. तिरकं करा, डोक्याकडून उंच. टेकूला फळी लागू देऊ नका, टेकू सैल आहे. शाब्बास."

एवढं सगळं त्याला माहीत होतं. कुठली पायरी हलते, कुठली मोडलीय, टेकू कुठे सैल आहे. माझ्यासमोर चहा मागवणाऱ्या माणसाला या जिन्याचा इंच न् इंच पाठ होता, कारण इथून त्याने दादासारखे कितीतरी उतरवले होते. मला रडू येत होतं, ते आटलं. त्या क्षणी मला इतका संताप आला की दोर तोडून त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं. आणि माझ्याशेजारी उभी असलेली बाई पदराने डोळे टिपत म्हणाली, "बघितलंत ना, किती कामाचा माणूस! बाकीचे पुढारी वळणावरच अडकतात. याला मंत्री नाही करायचं तर कुणाला?"

खाली आल्यावर तिरडी बांधेपर्यंत दादाला कुठे ठेवायचं? भाऊनेच सांगितलं, कट्ट्यावर ठेवा. तिथेच ठेवलं. दादा पहिल्यांदा त्या कट्ट्यावर आला.

तेराव्याला भाऊची दोन माणसं मोबाइल आणि छोटा माइक घेऊन आली. म्हणाली, दादांच्या घरच्यांचं मनोगत हवंय, अगदी मनातलं बोला. वहिनी बोलण्याच्या स्थितीत नव्हती. मी म्हटलं, मी बोलते. मनातलंच हवं होतं ना? मी स्पष्ट बोलले. "माझ्या भावाला जिवंतपणी या जिन्यावरून खाली यायचं होतं. आम्ही यांच्याकडे जिना मागत राहिलो, तो यांनी दिला नाही. जिवंत माणसासाठी यांना एक पायरी बसवता आली नाही. मेल्यावर मात्र यांनी त्याला स्वतःच्या खांद्यावर खाली आणलं. ज्याला जिना जमत नाही, तो राज्य काय चालवणार?" माइकवाला मान डोलवत होता. "छान झालं मावशी," म्हणाला. मला वाटलं, आता हे कुठे दाखवणार नाहीत. न दाखवोत, बोलून तर झालं.

दोन दिवसांनी शिवाजी पार्कच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मागे बासरी. मी पडद्यावर, डोळे लाल, आवाज दाटलेला. "माझ्या भावाला... या जिन्यावरून खाली यायचं होतं... यांनी त्याला स्वतःच्या खांद्यावर खाली आणलं." मग भाऊचा फोटो, हात जोडलेला, मान खाली. मधलं सगळं सफाईने कापलेलं. खाली आमच्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, "तुम्ही फार हृद्य बोललात. मत बदललं माझं." सरकारातल्या मोठ्या हुद्देदारांनी दोन फुलं पाठवली होती. मी ग्रुपवर पूर्ण हकीकत लिहिली. त्यावर कुणीतरी लिहिलं, इथे राजकारण नको.

भाऊ निवडून आला. चांगला दणदणीत आला. ढोलताशे, गुलाल, जेसीबीतून फुलं. मिरवणूक चाळीसमोर थांबली, भाऊ कट्ट्यावर चढला, वरच्या गॅलऱ्यांकडे बघून त्याने हात जोडले. मंत्रिमंडळाची यादी अजून यायची होती, पण चाळीने पेढे वाटून टाकले.

त्यानंतर मी वहिनीला भेटायला गेले. दोर धरून, भिंतीकडून पाय टाकत चढले. हलती कुठली, मोडकी कुठली, हे आता मलाही पाठ झालंय. वहिनी दादाच्या जागी गॅलरीत बसली होती. गुडघे सुजलेले. म्हटलं, वहिनी, माझ्याकडे दादरला चला, लिफ्ट आहे. ती नको म्हणाली. इथलं सोडून कुठे जाणार, म्हणाली. खाली उतरता का कधी, विचारलं. तिने मान हलवली. दादा गेल्यापासून उतरली नव्हती.

मी चहा केला. खालच्या कट्ट्याकडे बघत तिने तो प्यायला. मग कप खाली ठेवून माझा हात धरला. मला वाटलं आता दादाची आठवण काढेल. पण तिच्या मनात दुसरीच काळजी होती, आणि ती अगदी खरी होती.

"वन्सं," ती म्हणाली, "माझ्या वेळेक येतलो मां गो तो? मंत्री झाल्यार?"