सहीची जागा

जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कार्यालयात, पहिल्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ केलेलं एक टेबल होतं. त्या टेबलामागे शिक्केसाहेब एकतीस वर्षं बसले. हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. दाखल्यातली चूक दुरुस्त करून हवी असली की अर्ज त्यांच्यापुढे यायचा. ते वरपासून खालपर्यंत बोट फिरवत तो वाचायचे, आणि एखादी सही राहिलेली दिसली की ‘अपूर्ण’ असा निळा शिक्का ठप्पकन उमटायचा. मग अर्जदाराने जिना उतरायचा, सही आणायची, पुन्हा जिना चढायचा. एकतीस वर्षांत एकही रिकामी चौकट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. लोकांना त्यांनी जन्मभर चालवलं. स्वतः मात्र जागचे हलले नाहीत.

हलायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था त्यांनी लावून घेतली होती. शिक्के डाव्या हाताला, शाईची गादी उजव्या हाताला, फायलींची मांडणी खुर्चीला खेटून. वरच्या फळीवरची फाइल ओढायला एक काठी होती, तिच्या टोकाला वाकवलेला खिळा. पाण्याची मोठी बाटली पायाशी. खालच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचे पुडे आणि खारे शेंगदाणे, कारण अर्ज वाचताना तोंड रिकामं असलं की त्यांचं कामात लक्ष लागत नसे. तीन चमचे साखरेचा चहा दिवसातून सहा वेळा जागेवर यायचा. डबाही ते टेबलावरच खायचे, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने पानं उलटणं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, “साहेब, आता तुम्हाला खुर्चीसकट घरी पोचवायची सोय तेवढी राहिलीय.” यावर साहेब मनापासून हसत. त्यांना ते कौतुक वाटायचं.

त्यांच्या ताईला मात्र या खुर्चीचं कधीच कौतुक नव्हतं. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे धाकट्याला भरवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. वडीलही कारकून होते. छपन्नाव्या वर्षी ते ऑफिसच्या खुर्चीतच गेले. डुलकी लागली असेल म्हणून तासभर त्यांना कुणी हाकही मारली नाही. शेवटी त्यांना उठवायला म्हणून ताईलाच बोलावणं गेलं होतं.

ताई कपडे शिवायची. नवरा गेल्यावर त्याच कामावर तिने आपलं घर चालवलं, दोन खोल्यांचं, साहेबांच्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर. साहेब तिथे वर्षातून दोनदा जात: एकदा पँटचं कापड द्यायला, एकदा शिवलेली पँट आणायला. दोन्ही वेळा रिक्षाने. ताई म्हणायची, “हात वर कर,” आणि कमरेला टेप लावायची. माप ती तोंडाने कधी म्हणत नसे. आपल्या मापांच्या वहीत लिहायची आणि वही मिटून टाकायची. पँट शिवताना आत भरपूर कापड सोडायची, कारण वर्षभराच्या आत ते उसवावं लागणार हे तिला ठाऊक असायचं.

साहेबांना त्रेपन्नावं लागलं त्या वर्षी ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर चार चार तास पडून राहायचं. डाव्या हाताची शीर त्यासाठी तयार केलेली, म्हणून त्या हाताने जड काही उचलायचं नाही. शिलाई मशीनवर कापड टाकलेलंच राहू लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरातल्या कुणी एक मूत्रपिंड दिलं तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतील. ताईला मूलबाळ नव्हतं. साहेब लगेच म्हणाले, “माझं घ्या.” एखाद्या कागदावर असा न वाचता शिक्का त्यांनी उभ्या आयुष्यात मारला नसेल.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढले.

“काका, रक्तगट जुळतोय. पण तुमचं वजन बघा. साखर अगदी काठावर आहे. असल्या माणसाचं मूत्रपिंड मी काढून घेऊ शकत नाही.”

“मग काय करायचं?”

“सहा महिने देते. चौदा किलो उतरवा, साखर खाली आणा, मग पुढच्या तपासण्या करू. औषधाने होणारं काम नाही हे. तुम्ही दिवसभर करता काय?”

“बसतो,” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना त्या शब्दाची लाज वाटली.

त्यांनी काम हाती घेतलं ते आपल्याच पद्धतीने. व्यवस्था त्यांनीच लावली होती, आता तीच उलटी लावायची. पहिल्या आठवड्यात काठी मोडून टाकली. दुसऱ्या आठवड्यात पाण्याची बाटली घरी ठेवली. तहान लागली की तळमजल्यावरच्या नळावर जायचं. तिसऱ्या आठवड्यात शिक्क्यांचा स्टँड खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटावर गेला. आता एखाद्याचा अर्ज अपूर्ण ठरवायचा तर आधी स्वतः उठून खोली ओलांडावी लागायची, आणि त्यामुळे ‘अपूर्ण’ची संख्या आपोआप उतरली. “इथे सही करा, पेन घ्या,” असं साहेब म्हणताहेत हे ऐकून शेजारच्या बाईने चष्मा काढून पुसला. जुनी रजिस्टरं तळघरातून शिपाई आणून देत असे, ती आणायला ते स्वतः जाऊ लागले. सुरुवातीला अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभं राहावं लागे. खाली जाणारे लोक वळून बघत, आणि यातल्या किती जणांना आपण हाच जिना उगीच चढायला लावला असेल, हा विचार तिथे उभं असताना त्यांना चुकवता यायचा नाही.

ड्रॉवरमधली बिस्किटं गेली. चहा दोनवर आला, साखरेशिवाय. पहिला घोट घेताना त्यांचं तोंड असं काही झालं की बायको म्हणाली, “अहो, काढा नाही दिलेला मी.” ती तरी किती वर्षं सांगून थकलेली. आता डब्यात ती मोजून दोन पोळ्या द्यायची, आणि भाजी, डाळ, काकडी, एखादं उकडलेलं अंडं. डबा आता ते टेबलावर उघडत नसत. मागच्या अंगणातल्या बाकावर बसून, दुसरं काहीही न करता, सावकाश जेवायचे. आपल्या बायकोच्या हाताला इतकी चव आहे हे त्यांना त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

राहिलं चालणं. नुसतं गोल गोल फिरायचं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून ऑफिस सुटलं की ते ताईकडे चालत जायला लागले. आधी अर्धा तास लागायचा, मग पंचवीस मिनिटं, मग वीस. अवयवदानाचे फॉर्म त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतः भरून तिच्याकडे दिले होते. “ताई, तुझी संमती खाली आहे, तेवढी सही कर.” ती म्हणाली, “ठेव त्या शिलाई मशीनच्या खणात. करते.” मग ती त्याला समोर बसवून दिवसभराचं विचारायची. तिला पाणीही मोजून प्यायचं होतं, मीठ जवळजवळ बंद. ती आपली अळणी भाजी खायची आणि तो पेरूची फोड. दोघं जुन्या गोष्टी काढून भांडायची. लहानपणी खिडकीची काच नक्की कुणी फोडली होती, या वादाला पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तोंड फुटलं. महिन्यातून एकदा ती म्हणायची, “हात वर कर,” आणि माप लिहून वही मिटायची. मग जुनी पँट उजव्या हाताने हळूहळू कमरेत आत घ्यायची.

सहा महिन्यांनी काटा साडेचौदा किलो खाली आला. साखर उतरली. साहेब डॉक्टरीणबाईंसमोर परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे बसले. मग मोठ्या तपासण्या झाल्या, सगळ्यात शेवटची मूत्रपिंडं किती गाळतात ती. तो कागद बाईंनी दोनदा वाचला.

“काका, रक्तदाबाने आतून बरीच वर्षं काम केलंय. तुमची दोन्ही मिळून तुम्हाला पुरतील, एवढीच आहेत. यातलं एक काढता येणार नाही.”

“पण मी सगळं केलं. तुम्ही सांगितलं ते सगळं.”

“केलंत. म्हणूनच ती पुरतील. तसेच बसून राहिला असता तर पाच-सहा वर्षांत ताईंच्या शेजारच्या पलंगावर असता.”

हे ऐकून साहेबांना आनंद झाला नाही. राग आला. स्वतःला वाचवायला कोण निघालं होतं? त्या दिवशी ते रोजच्या रस्त्याने ताईकडे गेले, आणि उंबऱ्यातच रडायला लागले.

“ताई, नाही जमलं गं. फार उशीर केला मी.”

ताईने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“मशीनच्या खणातला फॉर्म काढ.”

त्याने फॉर्म काढला. वरपासून खालपर्यंत त्याचंच सुबक अक्षर. खाली ‘रुग्णाची संमती’, आणि त्यापुढची चौकट कोरी. सहा महिने तो कागद त्याच्यापासून दोन हातांवर पडून होता. लोकांच्या कागदांवरची एकही रिकामी चौकट न सोडणाऱ्या माणसाने हा कागद एकदाही उलटून पाहिला नव्हता.

“मी तुझं घेणार नव्हतेच,” ताई म्हणाली. “बाबांना उठवायला मी गेले होते. खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. तुझं प्रत्येक वर्षाचं माप माझ्या वहीत आहे, धाकट्या. दर वर्षी लिहिताना वाटायचं, तुझ्याही ऑफिसातून मला बोलावणं येणार. सांगून तू कधी ऐकलं असतंस? माझ्यासाठी उठलास, मग मी उठू दिलं.”

“आणि तुझं काय?”

“माझं दवाखान्यातलं मशीन आहे ना. मूत्रपिंडाच्या यादीत नंबरही लावलाय.” मग म्हणाली, “भीती वाटते. नाही कशाला म्हणू? पण तू उद्या ये. उद्यापासून तुला काही कारण राहिलं नाही, म्हणून येणं बंद करू नकोस.”

ताईचा नंबर लागला नाही. ती त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने होती. तेवढ्या सगळ्या दिवसांत साहेब पाच-सात वेळा चुकले असतील, एरवी ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटांनी तिच्या दारात हजर. शेवटी शेवटी तिला टेप धरवत नसे. तो स्वतःच कमरेला टेप लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि ती वहीत लिहायची.

ती गेली त्याची नोंद त्यांच्याच कार्यालयात झाली. फॉर्म साहेबांनी स्वतः भरला: नाव, वय, पत्ता, वेळ, कारण. खाली जाऊन तळमजल्याच्या खिडकीत दिला आणि वर येऊन कामाला बसले. तासाभराने शेजारच्या टेबलावरची बाई तो कागद हातात घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“साहेब, खालून परत आलाय. माहिती देणाऱ्याची सही राहिलीय.”

साहेबांनी कागद घेतला. चौकट कोरी होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. बाई म्हणाली, “द्या, मी पोचवते.” ते नको म्हणाले, खुर्ची मागे सारून उठले आणि कागद घेऊन जिन्याकडे चालू लागले.