जोहार आणि कापरं

"पुन्हा घाल," पाटील म्हणाले.

मी पुन्हा कमरेत वाकलो. जमिनीला हात लावून कपाळाला नेला. "जोहार मायबाप." हात लटलटा कापत होता. चावडीच्या ओट्यावरची माणसं हसली. एक म्हणाला, "हिवताप भरलाय का रं?" दुसरा म्हणाला, "संबळ वाजवतोय जनू." पाटलांनी परत वाकवलं. करमणूक झाली त्यांची.

भोरकडच्या खोऱ्यातलं आमचं गाव. आम्ही महार. त्या साली गावाची येसकरपाळी आमच्या घरी होती. गावानं हाक मारायची, आम्ही धावायचं, त्याबदल्यात बलुतं. बापाचे गुडघे गेले म्हणून येसकराची काठी माझ्याकडे आली. काठीबरोबर हे कापरं आलं. कुऱ्हाड चालवताना हात कापत नसे. जोहार घालतानाच कापायचा.

पाटील बापाला म्हणाले, "सायब दौऱ्यावर येनार हाय. त्येच्या म्होरं ह्यो आसा लटलटला तर गावाची शोभा. पोराला नीट कर, न्हाईतर पाळी दुसऱ्या घराला."

बाप म्हणाला, "व्हय जी."

भोरला तात्या म्हणून एक पेन्शनर होते. विलायती पुस्तकं वाचून लोकांच्या मनाचे आजार बरे करायचे. फुकट. बापानं मला त्यांच्याकडे धाडलं. माणूस प्रेमळ, खोटं कशाला बोलू? ते पडवीत आरामखुर्चीवर, मी खाली अंगणात उन्हात. डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "मी शांत आहे. माझा कुणावर राग नाही." शेवटी परीक्षा. मी हातात करवंटी धरायची. तात्या पायरीवर उभे राहून, शिवाशिव होऊ न देता, वरून तिच्यात पाणी ओतायचे. ते सांडू द्यायचं नाही. पाणी हललं नाही की त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

एकदा मी म्हणालो, "तात्या, जोहारापुरतंच व्हतं जी. एरवी न्हाई."

"कारण बाहेर शोधू नकोस," तात्या म्हणाले. "सगळं आपल्या आत असतं."

वरून पाणी ओतणारा माणूस मला आत बघ म्हणत होता. तेव्हा हे डोक्यात आलं नाही. मी मुकाट्यानं डोळे मिटले.

गुण आला.

साहेबासमोर मी वाकलो. हात जरासुद्धा हलला नाही. "आता कसं," पाटील म्हणाले. "आता शोभतोस." बाप कडेला उभा होता. त्याचे डोळे भरून आले.

मला मात्र घरी जाववेना. ओढ्याच्या काठानं येरझाऱ्या घालत राहिलो. अंगात कळ नाही, राग नाही, काहीच नाही. वेसण टोचेनाशी झाली की बैल शहाणा झाला म्हणतात, तसा मी शहाणा झालो होतो. मग उमगलं. तोंड मायबाप म्हणायचं, पाठ वाकायची, एकटा हात तेवढा नाही म्हणत होता. तात्यांनी नेमका त्यालाच बरा केला. संताप आला. पाटलांचा आला, तात्यांचा आला, सगळ्यात जास्त माझा मलाच आला.

पुढचं बोलावणं आलं तसा चावडीसमोर जाऊन उभा राहिलो. वाकलो नाही.

"रामराम, पाटील."

बरोबरीनं रामराम घालायची आम्हाला मुभा नव्हती. माझे पाय, हात, ओठ, सगळं अंग कापत होतं.

"काय म्हनलास?"

"रामराम म्हनलो."

काठी पायरीवर ठेवली आणि निघालो. पाठीत धोंडा बसला. मी चालत राहिलो.

पाळी गेली, बलुतं गेलं. बाप अजून माझ्याशी बोलत नाही. मी नसरापूरच्या सडकेवर खडी फोडतो. संध्याकाळी महारवाड्यातले आम्ही काही जण एकत्र बसतो, डोळे उघडे ठेवून. कुणाला कुठं वाकवलं ते बोलतो. उद्या कुणी कुठं वाकायचं नाही ते ठरवतो. लिहा-वाचायलाही तिथंच शिकतोय.

तात्यांचा निरोप आला होता, आजार उलटलाय, पुन्हा ये. मी निरोप्याला म्हणालो, "आजार चावडीत हाय. तात्यास्नी म्हनावं, थितं जावा."

पाळी आता माझ्या थोरल्या चुलतभावाकडे आहे. परवा तोही आमच्यात येऊन बसला. मान खाली घालून म्हणाला, "जोहार घालताना माजाबी हात कापाय लागलाय. काय करू?"

मी त्याला बरा होऊ देणार नाही.