दोनदा शिजलेलं मटण

पहिलाच घास तोंडात घोळवला आणि पळीआत्याला कळलं, हे मटण आधी एकदा शिजून गेलंय. दाताखाली नुसते दोरे. चव काय ती कांद्याची आणि मिरीची.

तिला कोण फसवणार? कारखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मटण हाडांसकट मंद आचेवर चार तास ठेवायचं, वर येणारा फेस काढत राहायचं, मग फडक्यातून गाळून घ्यायचं. ते नितळ सूप साहेबांच्या टेबलावर जायचं. खाली उरलेलं मांस हाडांवरून ओरबाडून, मिरी सढळ हातानं घालून परतलं की कामगारांचं ताट तयार. नाकाडोळ्यांतून पाणी आल्यावर चवीची चौकशी कोण करतो? सारखी पळीनं चव बघते म्हणून त्याच कामगारांनी तिला पळीआत्या केलं होतं.

आता लेकाच्या घरात तिच्याच ताटात कामगाराचं मटण आलं होतं. मग सूप पिणारा साहेब कोण?

विचारण्यात अर्थ नव्हता, सून गोड बोलून टोलवणार. आत्यानं नजर ठेवली. मोरीत फडकं वाळत होतं, हुंगलं तर हाडांचा वास. कचऱ्याच्या डब्यात मात्र एक हाड नाही. सून कागदात गुंडाळून स्वतः खाली टाकून आली होती. एवढी टापटीप तिच्या अख्ख्या माहेरानं कधी पाहिली नव्हती. फळीवरचा थर्मासही गायब. झाकण गळतं म्हणून दुरुस्तीला दिलाय, म्हणे.

लेकाला आडून विचारलं, तर मटण झकास झालंय म्हणत त्यानं आपल्या ताटातल्या फोडी आईच्या ताटात सरकवल्या. बायकोनं पढवलेला पोपट, दुसरं काय.

सुनेचा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. शेजारणीनं ऐकून घेतलं आणि आगीत तेल ओतलं, "रस माहेराला, चोथा सासूला. कलियुग गं बाई." आत्यानं दोन लुगडी पिशवीत भरली. चोथा खाऊन इथं राहायचं नव्हतं, धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. पण आधी सुनेला रंगेहाथ धरायचं, मगच उंबरा ओलांडायचा.

सोमवारी सकाळी लेक अंघोळीला गेला, सून दूध आणायला उतरली. आत्यानं घर चाळलं. पिठाचा डबा, सुनेच्या शिलाई मशीनखालचं खोकं, कपाटामागची जागा. शेवटी लेकाच्या कामावर न्यायच्या पिशवीत, टॉवेलखाली, थर्मास सापडला. जेवणाचा डबा मात्र पिशवीत नव्हताच.

झाकणात थोडं ओतून तिनं जिभेवर घेतलं. मीठ नाही, मिरी नाही. लेक तर लहानपणापासून मीठ वरून घेणारा.

दारात सून उभी होती. "आई, सांडू नका. तेवढंच जातं त्यांच्या पोटात."

"यात मीठ का नाही?"

"झोंबतं. घास उतरत नाही घशाखाली, दोन महिने झाले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला." तिनं दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "उरलेलं मांस फेकवत नाही हो. मीही तेच खाते."

आत्या खाली बसली. मोरीत पाण्याचा आवाज चालू होता. खुंटीवर लेकाचा पट्टा लटकत होता, त्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं. घरातलं फडकंन् फडकं हुंगलं होतं तिनं. पट्टा रोज डोळ्यांसमोर होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बरे होतील म्हणाले," सून थर्मासचं झाकण घट्ट करत पुटपुटली.

आत्यानं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आता माझ्याकडे बघून सांग."