शेतीच्या कार्यक्रमामागचा आवाज

आमच्या घरी रेडिओ कॉम्प्युटरवर आला तो मामाजींमुळे. मामाजी म्हणजे माझे सासरे. सानगडीत आमची चार बांध्यांची, म्हणजे चार खाचरांची, धानाची शेती आहे आणि मामाजी संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम अनेक वर्षं ऐकत आले होते. मग त्यांच्या जुन्या रेडिओवर ते केंद्र लागेनासं झालं. नुसती घरघर यायची. सेट बिघडला असेल म्हणून ह्यांनी तो उघडून पाहिला, पण सेटला काही झालं नव्हतं. केंद्र आता इंटरनेटवर स्वच्छ ऐकू येतं, हे ह्यांनीच शोधून काढलं.

ह्यांचा लाखनीला हायवेवर फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हेच काम असल्यामुळे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणं त्यांच्या हातचा मळ होतं. अडचण एवढीच होती की कार्यक्रम सहाला लागायचा आणि नेमकं त्याच वेळी मामाजी गुरं घेऊन बोडीवरून, गावच्या छोट्या तळ्यावरून, परतत असायचे. रेडिओ ते सोबत न्यायचे, कॉम्प्युटर नेता येत नव्हता. म्हणून हे सहाला कार्यक्रम रेकॉर्ड करायचे आणि मामाजी दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत ऐकायचे. मी गावातल्याच शाळेत शिकवते. सकाळी माझी घाई असायची, त्यामुळे त्या कार्यक्रमात काय सांगतात याकडे मी कधी लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात साकोलीकडच्या एका लग्नाचं शूटिंग आटोपून मोटरसायकलने परत येताना हायवेवर ट्रकने ह्यांना उडवलं. भर दुपारची वेळ होती. मला शाळेच्या शिपायाने येऊन सांगितलं. सुट्ट्या होत्या आणि मी घरी कुरड्या वाळत घालत होते. मी उरलेल्या कुरड्या घातल्या, मग हात धुतले. नंतर लोक म्हणाले, बाईला धक्का बसला. असेल. मला फक्त आठवतं, की तेरवीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला मी चहा घेतला का म्हणून विचारत होते.

तेरवीला पाहुणे फार होते. जागा व्हावी म्हणून कोणीतरी कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत नेला आणि नंतर परत आणून वायरी जोडल्या. तो महिनाभर तसाच पडून होता. मुलगी नागपूरला वसतिगृहात परत गेली. घरात मी आणि मामाजी. आम्ही दोघं ह्यांच्याबद्दल बोलत नव्हतो. भाजीत मीठ बरोबर आहे का, गाय किती दूध देते, एवढंच बोलायचो.

जूनमध्ये एका सकाळी मामाजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, थो कार्यक्रम आताबी लागते का वो?"

"लागत असेल, मामाजी."

"तुले जमंल का लावाले?"

"पाहते," मी म्हटलं.

ह्यांना करताना पाहिलं होतं तेवढ्यावर मी त्या संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं, केंद्र लावलं आणि लाल बटण दाबून स्वयंपाकघरात गेले. सकाळी मामाजींना खुर्चीवर बसवून लावलं, तर कार्यक्रम कुठेतरी लांबून ऐकू येत होता आणि त्याच्यावर कुकरच्या शिट्ट्या, भांडी, कुत्र्याला हाकलणारा माझा आवाज.

मामाजी थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे त आपल्याच घराचा आवाज होय."

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, वायरी काढून लावल्या ना, म्हणून सेटिंग बदललं असेल. वेबकॅमचा माइक निवडला गेलाय. तो काढून कॉम्प्युटरचा आवाज निवड." तो वेबकॅम लॉकडाऊनमध्ये तिच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतला होता. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबांचंही सुरुवातीला असंच झालं होतं. चार-पाच दिवसांचं रेकॉर्डिंग वाया गेलं म्हणून किती चिडले होते."

मी "हो" म्हणून सेटिंग बदललं. रेकॉर्डिंग नीट येऊ लागलं. मुलगी काय बोलली ते माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले. शाळेत फळ्यावर बेरीज लिहीत असताना अचानक लक्षात आलं, त्या वाया गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ह्यांचा आवाज असेल.

ह्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. शेकडो लग्नांचं शूटिंग त्यांनी केलं, पण ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. एडिटिंग करताना मूळ आवाज काढून गाणी टाकायचे. फोनचा त्यांच्यासोबतच रस्त्यावर चुराडा झाला. माझ्या फोनवर त्यांचे मेसेज होते, पण सगळे लिहिलेले. "निघालो", "जेवून घे", असे.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. काहीही पुसून न टाकण्याची त्यांची सवय मला माहीत होती. कार्यक्रमांच्या फोल्डरमध्ये आत आणखी एक फोल्डर होतं. त्याचं नाव होतं 'खराब'. आत पाच फायली होत्या.

पहिल्या चारमध्ये काही नव्हतं. पंखा, बाहेर कोणाची तरी म्हैस, एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज. ते रेकॉर्डिंग करताना शांत बसत असावेत. पाचवी फाईल लावली तेव्हा मी भाजी निवडायला घेतली होती. अर्धा कार्यक्रम होऊन गेला आणि माझाच आवाज आला.

"अवो, मीठ आणलं का?"

"राहिलं," ते म्हणाले.

"दोनदा फोन केला होता मी."

"उद्या आणतो ना."

"उद्या काय करू? आणि तो रेडिओ बंद करा पहिले. डोकं उठलं माझं. घरात माणूस बोलते तर कोणी ऐकत नाही."

"दोन मिनिट. तुडतुड्याचं सांगून राहिले. बाबाले पाहिजे."

मग भांडं आदळल्याचा आवाज. तो मीच आदळला असणार. काही वेळाने ते खोकले आणि म्हणाले, "चाय आहे का?"

"नाही."

बस. पुढे धानावरच्या तुडतुड्यांची माहिती शेवटपर्यंत चालू राहिली.

मी पुन्हा लावलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ते घरात कुठेतरी आहेत असंही वाटलं नाही. उलट मी मीठ दुसऱ्या दिवशी आलं होतं का ते आठवत बसले. आठवलं नाही. माझा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा बारीक आणि चिरका होता. भाजी तशीच राहिली, ती मग फ्रिजमध्ये टाकली.

मामाजींना सांगावं की नाही यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते गोठ्यात शेण काढत होते तिथे जाऊन मी म्हटलं, "मामाजी, यांचा आवाज सापडला."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "कोठी?"

"कॉम्प्युटरमध्ये. चुकून रेकॉर्ड झाला होता."

"चाल, दाव."

हातपाय धुऊन, शर्ट बदलून ते खुर्चीवर बसले. मी अगदी सुरुवातीपासून लावलं. मुलाचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान थोडी पुढे केली, एवढंच. "चाय आहे का" झाल्यावर मी बंद करायला उठले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. कार्यक्रम संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "औषध सांगतलं थे बरोबर होतं. त्या साली आपण थेच मारलं."

मला दुसरंच टोचत होतं. "किती तोडून बोलली मी त्यांना. चहासुद्धा नाही दिला."

"घरात असंच बोलते माणूस," मामाजी म्हणाले. "तुई सासू त याच्याहून बोले." आणि ते पुन्हा गोठ्यात गेले.

आखाडात नणंद आली. ती गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या गावातली सून, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. भावाचा आवाज ऐकताच ती मोठ्याने रडायला लागली. शेजारच्या बायका दारात आल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि स्क्रीनवर आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या हिरव्या पट्ट्या पाहत होते. ते बोलत तेव्हा पट्ट्या कमी उसळत होत्या. ते माझ्यापेक्षा हळू बोलायचे, हे मला तिथे कळलं. इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"वहिनी, तू काहून रडत नाहीस?" तिने विचारलं.

"मले येत नाही," मी म्हटलं. तिने मला जवळ ओढलं. मी ओढू दिलं. तिच्या फोनमध्ये मी ती फाईल टाकून दिली, मुलीलाही पाठवली. दोन दिवसांनी मुलीने फोन करून फक्त विचारलं, जेवलीस का.

संध्याकाळचं रेकॉर्डिंग मात्र मी सोडलं नाही. आधी नुसतं बटण दाबून उठत होते. मग पट्ट्या बघत थोडा वेळ बसू लागले, आणि बसलं की ऐकू येतंच. धानाची रोवणी आटोपल्यावर किती दिवसांनी खत द्यायचं, बांधीत पाणी किती ठेवायचं, तुडतुडे पानावर नाही तर बुडाशी शोधायचे. सुट्टीच्या दिवशी मामाजींसोबत बांधावर जाऊ लागले. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून वाकून धानाची बुडं मी बघायची आणि ते वर उभे राहून विचारायचे.

पोळा झाल्यावर एका रविवारी मला बुडाशी तुडतुडे दिसले.

"आहेत, मामाजी. एकेका बुडाशी बरेच आहेत. आधी पाणी काढावं लागेल, मग फवारणी."

"कोण सांगतलं?"

"कार्यक्रमात सांगितलं परवा."

त्यांनी खालच्या बांधीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "काढ मंग पाणी."

मी साडी खोचली आणि फावड्याने बांध फोडला. पाणी खालच्या बांधीत उतरायला लागलं. आनंद वगैरे काही झाला नाही. पाय चिखलात गार पडले होते आणि घरी जाऊन मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या.