स्टेजवरची चपाती

लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजच्या होस्टेलची मेस होती. तिथे साळूबाई चपात्या लाटायची आणि तिची थोरली मुलगी गौतमी शेकायची. नवरा गोदामात हमाली करताना कमरेतून बसला, तेव्हापासून साळूबाई भरे गावातून रोज तिथे येई. बारावी झाली तशी गौतमीही आली. पुढे शिकू नको असं तिला कुणी म्हणालं नव्हतं, पण शिक म्हणायलाही कुणी नव्हतं.

काउंटरच्या पलीकडे तिच्याच वयाची पोरं एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप चालवत. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरांच्या ओळी असत. एकदा तिने एका मुलीला विचारलं, "हे काय असतं?"

"कोडिंग," मुलगी म्हणाली आणि ताट पुढे केलं. "दोन गरम दे ना."

वस्तीतला दयानंद हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने रविवारी विहारात फुकट क्लास सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी बसायला जागा नव्हती. दिवाळीपर्यंत गौतमी आणि आणखी दोघं उरली. दयानंद सर म्हणायचे, "मशीन जात विचारत नाही, बाप काय करतो विचारत नाही. बरोबर लिहिलं तर चालतं, चुकलं तर अडतं. बास." गौतमीला हे फार पटलं. मेसमध्ये चपाती करपली की बोलणी बसत, चांगली झाली की कुणाच्या लक्षातही येत नसे. इथे बरोबर आलेलं डोळ्यांना दिसायचं.

सरांनी तिला आपला जुना लॅपटॉप दिला. दुपारच्या सुट्टीत कणकेच्या पोत्यांवर बसून ती शिकायची. इंग्रजी अडायचं, तेव्हा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची.

"कळतंय का तुला काय त्यातलं?" एकदा साळूबाईने विचारलं.

"कळतंय."

"मग कर. शेकायचं मी बघते."

आणि तिने खरंच बघितलं. परीक्षा असली, मुलाखत असली की साळूबाई एका हाताने लाटायची आणि दुसऱ्याने उलथायची. मनगटाला तव्याची कड लागून चट्टे पडत. त्यावर खोबरेल लावून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राही.

तीन वर्षांनी हिंजवडीतल्या एका कंपनीने गौतमीला बोलावलं. लेखी परीक्षेत ती पास झाली. मग शुभांगी नावाच्या एचआर मॅडम समोर बसल्या. प्रोग्रॅमिंगचे दोनचार प्रश्न झाल्यावर अर्जातलं मेसचं काम वाचून त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता मला तुझ्या चपात्यांबद्दल सांग ना. रोज किती व्हायच्या गं?" बाई किती मायेने बोलतात, असं गौतमीला वाटलं. ती भरभरून बोलली.

नोकरी मिळाली. घोटावडे-माण रस्त्याने ती जुन्या स्कूटीवर जाऊ-येऊ लागली. पहिल्याच महिन्यात तिचे फोटो काढले. मेसमध्ये तिने कधी ॲप्रन बांधला नव्हता, म्हणून कंपनीने कुठूनतरी एक आणला. एका फोटोत ॲप्रन, दुसऱ्यात लॅपटॉप, आणि खाली मोठ्या अक्षरात 'फ्रॉम किचन टू कोड'. तो फलक थेट रिसेप्शनवर लागला. परदेशी पाहुणे आले की शुभांगी मॅडमचा फोन यायचा, "गौतमी, पाच मिनिटं कॉन्फरन्स रूममध्ये ये हं."

काम मात्र टेस्टिंगचं मिळालं. दुसऱ्यांनी बनवलेल्या स्क्रीनवर बटणं दाबायची, चालतंय की नाही ते लिहायचं. सुरुवातीला सगळ्यांना हेच देतात, असं तिला सांगितलं होतं. पण तिच्याबरोबर लागलेली पोरं हळूहळू कोड लिहायला गेली आणि ती तिथेच राहिली. मॅनेजर निरंजन वाईट माणूस नव्हता. ती मागायला गेली की तो म्हणायचा, "अगं, घाई काय आहे? तू तर आमची इन्स्पिरेशन आहेस." शेवटी तिने स्वतःहून एक छोटा भाग लिहिला आणि तपासायला पाठवला. कुणी चूक काढली असती तर तिला चाललं असतं. कुणी तो उघडूनच पाहिला नाही.

कंपनीचा वार्षिक कार्यक्रम आला. तिला दोन शब्द बोलायचे होते. दयानंद सरांकडून तपासून घेतलेलं इंग्रजी भाषण तिने पाठ केलं होतं. नाव पुकारलं, ती स्टेजवर गेली आणि पाहते तर टेबलावर पोळपाट-लाटणं, शेगडी आणि मळलेल्या कणकेचा गोळा.

"सरप्राइज!" माइकवर शुभांगी मॅडम म्हणाल्या. "आज गौतमी आपल्याला दाखवणार आहे, शी हॅज नॉट फरगॉटन हर रूट्स!"

हॉलभर टाळ्या झाल्या. गौतमीचे हात काही क्षण तसेच लोंबत राहिले. मग सवयीने एका हाताने गोळा तोडला, दुसऱ्याने लाटणं उचललं. चपाती टम्म फुगली, तशी लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग डायरेक्टर साहेब आले, त्यांनीही एक लाटली. ती वेडीवाकडी झाली, सगळे खूप हसले. भाषण राहूनच गेलं.

तो व्हिडिओ कंपनीने इंटरनेटवर टाकला. मेसच्या मॅनेजरने कौतुकाने सगळ्यांना दाखवला. साळूबाईनेही पाहिला, चार बायकांच्या खांद्यांमधून.

संध्याकाळी गौतमी घरी आली तेव्हा साळूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तितं बी चपात्याच लाटायला लावत्यात व्हय गं?"

"कार्यक्रम होता, आई. गंमत होती."

"गंमत कुणाची?"

गौतमी बॅग खुंटीला अडकवायला वळली.

"लाटणं खाली ठिवता आलं न्हाई तुला? यवडी शिकलीस, आन् न्हाई म्हनता आलं न्हाई?"

"तुला कधी आलं गं?" गौतमी ओरडली. "इतकी वर्षं तितं बोलणी खातीस, तुला कधी आलं न्हाई म्हणायला?"

आत खाटेवर वडील जागे होते, ते खोकले. साळूबाई उठली आणि ताटं वाढायला लागली. त्या दिवसापासून तिने लेकीला ऑफिसचं कधी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली. गौतमीचं काम आता एआयचं टूल करू लागलं होतं. निरंजनने खाली मान घालून सांगितलं, "कोड लिहिणाऱ्यांपैकी काहींना ठेवतोय. तुझा रोल टेस्टिंगचा..." तिला त्याला बरंच काही विचारायचं होतं. तिने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. बाहेर पडताना रिसेप्शनवरचा फलक जागच्या जागी होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग मुलाखतींचे हेलपाटे सुरू झाले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "या दोन वर्षांत तुम्ही लिहिलेलं काही दाखवा." दाखवायला काही नव्हतं. बाणेरच्या एका ऑफिसात समोरच्या पोराने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही त्या चपातीवाल्या ना?" ती हो म्हणाली. ती नोकरी लागली नाही.

दयानंद सरांनी तिला विहारात बोलायला बोलावलं. क्लासला नवी पोरं आली होती. "तुझी गोष्ट ऐकून त्यांना उभारी येईल," ते म्हणाले.

"कुठपर्यंतची सांगू, सर?"

सरांनी विषय बदलला. त्यांनी पुन्हा बोलावलंही नाही.

सध्या गौतमी पिरंगुटच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. खोकी भरते, टेप मारते. मेसमध्ये जागा होती, मॅनेजरने तसं सांगितलंही होतं. साळूबाईने त्याला परस्पर सांगून टाकलं, "न्हाई वो, पोरगी कामात हाय." वस्तीत कुणी विचारलं तरी ती एवढंच सांगते.

सुट्टीच्या दिवशी गौतमी अजून लॅपटॉप उघडते. अर्जही पाठवते, पण त्यात हिंजवडीच्या त्या कंपनीचं नाव घालत नाही. कधी फोन येतो, पलीकडचा माणूस मधल्या दोन वर्षांबद्दल विचारतो.

"घरी होते," ती म्हणते.