व्याह्यांसोबत गोल्फ

मंडळी, आज सकाळी मी व्याह्यांसोबत गोल्फ खेळलो. खेळलो म्हणजे हातात काठी घेऊन उभा होतो.

व्याही निवृत्त फौजी अधिकारी. लग्नात म्हणाले होते, "या एकदा आमच्यासोबत खेळायला." त्या एका वाक्यापायी मी दोन महिने रोज पहाटे हुडकेश्वरहून शिकवणीला गेलो. लेकीच्या सासरी बरोबरीनं उभं राहावं, एवढाच हट्ट.

शिकवणारे धनराजभाऊ रोज वैतागायचे. "साहेब, मान खाली ठेवा ना! चेंडू मारायच्या आधीच काहून वर पाहून राहिले?"

"पोरीचा बाप आहो गा भाऊ, मान खाली घालणं मले काय शिकवता?"

पण नेमकं तेच जमलं नाही. आज पहिल्याच फटक्याला मान वर झाली. चेंडू जागेवरच राहिला आणि गवतासकट मातीचं ढेकूळ व्याह्यांच्या पांढऱ्या बुटांवर जाऊन पडलं. दुसऱ्या फटक्यात तेवढंही उडालं नाही.

व्याही भला माणूस. म्हणाले, "राहू द्या, तुम्ही नुसते सोबत चला." मग मी तीन तास त्यांच्या मागं चाललो.

तेही सोडा. लेक पाहायला आली होती. माहेरी असताना मी सायकलवरून घसरलो तरी पोट धरून हसायची. आज हसली नाही. आधी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग घाईनं म्हणाली, "बाबांची कंबर दुखून राहिली आहे."

माझी कंबर ठणठणीत आहे.

लेकींच्या बापांनो, खरं सांगा, तुम्हाला असे किती आजार आहेत?